वरच्या मजल्याचा ताप

मे महिन्यात महाराष्ट्रातली हौशी खगोल मंडळं एक छोटासा कार्यक्रम करतात. मोकळ्या जागेत एक बाटली उभी करायची आणि दुपारी साडेबाराच्या आसपास तिची सावली तिच्याच बुडाखाली नाहीशी होताना बघायची. हा शून्य सावलीचा दिवस कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, मुंबई-पुण्यात महिन्याच्या मध्याला, नागपुरात शेवटच्या आठवड्यात. परतीच्या वाटेवर सूर्य जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढगांमुळे त्याचा कुणाला पत्ता लागत नाही.

मुलांना ही गंमत वाटते. घर बांधणाऱ्यानं मात्र ती गंभीरपणे घ्यायला हवी, कारण उन्हाळा ऐन भरात असताना सूर्याचा मारा भिंतींपेक्षा छपरावर अधिक होतो, असा त्या नाहीशा झालेल्या सावलीचा अर्थ आहे. स्वच्छ दुपारी आडव्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर साधारण 1 किलोवॉट ऊन पडतं. 600 चौरस फुटांचा फ्लॅट म्हणजे 56 चौरस मीटर. तो सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल तर त्याच्या डोक्यावर भर दुपारी 56 किलोवॉट येऊन आदळतात. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला, तर तो खोलीतून सव्वापाच किलोवॉटच्या दरानं उष्णता उपसतो. असे दहा एसी लावले तरी गच्चीवर पडणारं सगळं ऊन उपसून होणार नाही.

सुदैवानं ते सगळं घरात येत नाही. काही ऊन लगेच परत फिरतं, बरीच उष्णता वारा घेऊन जातो, काही रात्री मोकळ्या आकाशाकडे निघून जाते. तरीही उघड्या काँक्रीटची करडी गच्ची दोन तृतीयांश ऊन स्वतःत मुरवून घेते. मे महिन्यात तिचा पृष्ठभाग 60 अंशांच्या घरात जातो. गच्चीवर अनवाणी धावत जाऊन कुरडया उलटणाऱ्या पिढीला हे आकड्यांत सांगण्याची गरज नाही.

खरी खोच पुढे आहे. स्लॅब पाच-सहा इंच जाड असतो आणि काँक्रीटमधून उष्णता सावकाश उतरते. दुपारी गच्चीवर पडलेलं ऊन छताच्या खालच्या बाजूला पोचायला चार-पाच तास लागतात. त्यामुळे बाहेर संध्याकाळचा वारा सुटलेला असतो, लोक फिरायला निघालेले असतात आणि वरच्या मजल्यावरचं छत नेमकं तेव्हा सर्वांत तापलेलं असतं. रात्री दहाला पंखा फुल्ल केला तरी तो छताजवळची गरम हवाच अंगावर ढकलतो. भिंतीवरचा तापमापक 32 अंश दाखवतो, म्हणजे फार काही नाही. तरी जीव कासावीस होतो. कारण आपल्या शरीराला फक्त हवेचं तापमान जाणवत नाही. भोवतालच्या पृष्ठभागांतून निघणारी उष्णता थेट अंगावर येते, आणि छत जर 38-40 अंशांवर असेल तर आपण रात्रभर एका मंद आचेच्या तव्याखाली झोपलेलो असतो. मग एसी 18 वर नेला जातो. हवा गार होते, छत तसंच राहतं.

आता याच रात्री महाराष्ट्राच्या वीजव्यवस्थेत काय चाललेलं असतं ते बघा. दिवसभर सौर प्रकल्पांनी भरपूर वीज दिलेली असते. सूर्य मावळला की तो पुरवठा थांबतो आणि नेमके तेव्हा घरोघरचे एसी सुरू होतात. तो भार मुख्यतः कोळसा उचलतो. महानिर्मितीचं सर्वांत मोठं केंद्र चंद्रपूरला आहे, 2,920 मेगावॉटचं. ज्या शहराचं नाव दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तप्त शहरांमध्ये झळकतं, त्याच्याच वेशीवर दुसऱ्या शहरांतल्या बेडरूम गार करण्यासाठी कोळसा जळत असतो. देशाच्या ग्रिडमधून घेतलेल्या दर युनिटमागे सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. इमारतींमधली ऊर्जाबचत आणि पर्यावरण यांचा संबंध शोधायला ध्रुवीय अस्वलापर्यंत जावं लागत नाही. दुपारचं ऊन स्लॅबनं रात्रीपर्यंत साठवून ठेवलं आणि ते बाहेर काढायला आपण कोळसा जाळला, एवढाच तो संबंध आहे.

माळवद, कौल आणि स्लॅब

सिमेंट येण्याआधी महाराष्ट्रात छपरं वेगवेगळी होती आणि त्या वेगळेपणाला कारण होतं. मराठवाड्यात आणि सोलापूरच्या बाजूला माळवदाची घरं. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. खानदेशात त्याच जातीची धाब्याची घरं. कोरडी हवा, दिवसा भाजणारं ऊन आणि रात्री बऱ्यापैकी गारवा अशा मुलखात जाड माती आणि दोन-अडीच फुटांच्या भिंती फार उपयोगाच्या. दुपारची उष्णता आतल्या खोलीपर्यंत पोचायला इतका वेळ लागतो, की तोवर रात्र होते आणि माणसं अंगणात किंवा माळवदावरच झोपायला गेलेली असतात. उन्हाळ्यात घराबाहेर झोपण्याची रीत हा त्या वास्तुरचनेचाच भाग होता.

कोकणात आणि गोव्यात ही युक्ती चालत नाही. तिथे हवा दमट, रात्रीही फारशी उतरत नाही. म्हणून तिथे जड छप्पर नको, वारा हवा. उतरतं कौलारू छप्पर, कौलांच्या फटींमधून वर निघून जाणारी गरम हवा, लांब पागोळ्या, भोवती पडवी, पुढे ओटी आणि चिऱ्याच्या भिंतींवर कधीच थेट न पडणारं ऊन. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं असत. उजेड आत येई, पण डोळ्यांवर आणि अंगावर झळ येत नसे.

या घरांचे गोडवे गाणारं लेखन पुष्कळ झालं आहे आणि त्यातलं बरंचसं त्या घरांत कधी पावसाळा न काढलेल्यांनी केलेलं आहे. माळवद गळतं, दरवर्षी माती टाकावी लागते, भिंतीत विंचू निघतात, उंदीर कौलं हलवतात. स्लॅब आला तेव्हा लोकांनी तो आनंदानं स्वीकारला यात नवल नाही. स्लॅबनं पाऊस बाहेर ठेवला, वर आणखी एक मजला चढवायची सोय केली, आणि वाळवणाला जागा दिली. चूक स्लॅब घालण्यात झाली नाही. पावसासाठी त्यावर वॉटरप्रूफिंग करायचं आपण ठरवलं, उन्हासाठी काही करायचं ठरवलंच नाही, इथे गाडी चुकली. आणि मग चंद्रपूर, रत्नागिरी आणि महाबळेश्वर या तिन्ही ठिकाणी एकच छप्पर पडलं.

उपाय जुनेच आहेत. पांढरा पृष्ठभाग 70 ते 80 टक्के ऊन परत पाठवतो. त्यासाठी महागडा रंगच हवा असं नाही; चुना आणि फेविकॉलसारखा बांधून ठेवणारा गोंद यांचं मिश्रण गच्चीवर मारणं हा अनेक वर्षांचा लोकप्रयोग आहे. त्याहून टिकाऊ म्हणजे मुंबई-पुण्याच्या जुन्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर दिसणारं चायना मोझॅक: फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे जोडून केलेली फरशी. ती बसवली गेली पाण्यासाठी, पण उन्हावरही चालते. तिच्याखालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा थोडाफार निरोधकाचं काम करतो. आणखी पुढे जायचं तर स्लॅबच्या वर निरोधक फोमचा थर आणि त्यावर संरक्षक फरशी. हा थर वरून द्यावा, खालून छताला चिकटवू नये. वरून दिला की स्लॅब मुळात तापतच नाही. पांढऱ्या रंगाची एक कटकट सांगायलाच हवी. आपल्याकडे धूळ इतकी, की वर्षभरात पांढऱ्याचा मळकट करडा होतो, पावसाळ्यात शेवाळ धरतं, आणि परावर्तन घसरतं. उन्हाळ्याआधी गच्ची धुवावी लागते. एवढं काम जमत नसेल तर मोझॅक बरं.

अहमदाबादनं हा विषय रंगाच्या डब्यापलीकडे नेला. 2010 च्या उन्हाळ्यात त्या शहरात उष्णतेच्या लाटेनं मोठ्या संख्येनं माणसं दगावली. त्यातून 2013 मध्ये देशातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा तयार झाला आणि 2017 पासून त्यात वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचा कार्यक्रम आला. पत्र्याच्या घरात एसी लावण्याचा प्रश्नच नसतो. तिथे छपराचा रंग हाच एसी. तेलंगणानं 2023 मध्ये शीत छप्पर धोरण जाहीर करून सरकारी आणि व्यापारी इमारतींना, तसंच 600 चौरस यार्डांहून मोठ्या भूखंडावरच्या घरांना ते बंधनकारक केलं.

आपल्या सोसायट्यांमध्ये मात्र हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत अडकतो. गच्ची सगळ्यांची, ताप वरच्या मजल्याचा. गच्चीतून पाणी गळलं तर दुरुस्ती सोसायटीच्या पैशातून होते, त्याबद्दल फारसा वाद नसतो. गच्चीतून उष्णता झिरपली तर ‘तुम्ही वरचा फ्लॅट स्वस्तात घेतलात की’ हे उत्तर ठरलेलं. पहिल्या मजल्यावरचे काका वर्गणी का देतील? खरं तर पुढच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी थोडा जास्त खर्च करून पांढरा थर आणि निरोधक एकदमच करून घेणं हा दोघांच्या सोयीचा मार्ग आहे, कारण तापणं-निवणं कमी झालं की स्लॅबला आणि वॉटरप्रूफिंगला तडेही कमी जातात. गळतीच्या भाषेत सांगितलं की ठराव मंजूर होतो.

पश्चिमेची भिंत

छपरानंतर भिंती आणि खिडक्या. इथेही सूर्याची वाट माहीत असली की अर्धं काम होतं. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबईत सूर्य उत्तरेच्या बाजूनं जातो. दक्षिणेच्या भिंतीवर त्या काळात थेट ऊन पडतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये पडतं, पण सूर्य इतका उंच असतो की दीड-दोन फुटांचा छज्जा खिडकीला सावली द्यायला पुरतो. त्रास आहे तो पश्चिमेचा. दुपारी चारनंतर सूर्य खाली येतो, ऊन छज्ज्याच्या खालून सरळ खिडकीत घुसतं आणि तेही दिवसभराच्या उष्णतेत हवा आधीच तापलेली असताना. पश्चिमेला आडवा छज्जा फारसा कामाचा नाही. तिथे उभे पडदे, जाळी, झाड, खोल गॅलरी किंवा मुळात खिडकीऐवजी जिना आणि बाथरूम हवं. फ्लॅट घेताना प्रवेशद्वाराची दिशा होकायंत्र लावून तपासणारे लोक बेडरूमची कुठली भिंत पश्चिमेला आहे हे विचारत नाहीत. वास्तुशास्त्राइतकीच चौकशी उन्हाची केली असती तर महावितरणचं बिल तरी हलकं झालं असतं.

मुंबईत याचं उत्तम शिक्षण रस्त्यावर उभं आहे. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या आर्ट डेको इमारती, ज्यांचा 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्या 1930 च्या दशकातल्या. माटुंगा, दादर, शिवाजी पार्क इथेही त्याच काळातलं बांधकाम दिसतं. या इमारतींच्या खिडक्यांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग छज्जे फिरलेले असतात, गॅलऱ्या गोलाकार वळतात, कोपऱ्याच्या खोलीला दोन बाजूंनी वारा मिळतो. ते दिसायला देखणं आहे म्हणून त्याची चर्चा होते. ऊन आणि तिरका पाऊस अडवणं हे त्याचं रोजचं काम होतं. गिरणगावातल्या चाळींना कुणी वारसा म्हणत नव्हतं, पण चाळीची सलग गॅलरीही खोलीच्या भिंतीवर ऊन येऊ देत नव्हती.

आता गॅलरी मिळाली की पहिलं काम म्हणजे ती बंद करून खोलीत घेणं. तीन-चार फूट सावली गेली, आणि जिथे गॅलरीच्या मागे भिंत होती तिथे काच आली. घरांच्या किमती बघता लोकांना दोष देणं अवघड आहे. पण त्या वाढलेल्या चाळीस चौरस फुटांचं भाडं पुढची तीस वर्षं विजेच्या बिलातून भरलं जातं.

भिंतीचं साहित्यही बदललं आहे. नऊ इंची विटेची भिंत उष्णतेला बऱ्यापैकी अडवते. बांधकामावर ज्यांना सरसकट ‘सिपोरेक्स’ म्हणतात त्या हलक्या एएसी ब्लॉकमधून उष्णता विटेच्या चौथ्या-पाचव्या हिश्शानंच वाहते, कारण त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात. इथपर्यंत ठीक चाललं होतं. गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या टोलेजंग इमारतींत ‘मायवान’ आलं: ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओतायचे. काम झपाट्यानं होतं, गिलावा वाचतो, मजूर कमी लागतात. पण काँक्रीट विटेच्या दुपटीनं उष्णता वाहून नेतं, आणि या भिंती पाच-सहा इंचांच्या. म्हणजे वरच्या मजल्याचा ताप आता सगळ्या मजल्यांच्या भिंतींत शिरला आहे.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनं, म्हणजे बीईईनं, डिसेंबर 2018 मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिचा गाभा दोन आकड्यांत आहे. छताच्या दर चौरस मीटरमधून, आतबाहेर एका अंशाचा फरक असताना, 1.2 वॉटपेक्षा जास्त उष्णता उतरू नये. उघडा स्लॅब याच्या जवळपास तिप्पट उतरू देतो. आणि भिंती-खिडक्यांमधून आत येणारी एकूण उष्णता सरासरी दर चौरस मीटरला 15 वॉटच्या आत राहावी. याच संहितेत तिसरी एक अट आहे जी मला सर्वांत शहाणी वाटते. उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ दमट हवेच्या प्रदेशात, म्हणजे मुंबई-कोकणात, चटई क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश हवं. नागपूरसारख्या मिश्र हवामानात एक अष्टमांश. 600 चौरस फुटांच्या घराला मुंबईत 100 चौरस फूट उघडझाप हवी. आणि इथे ॲल्युमिनियमची सरकती खिडकी उघडी पडते. पाच बाय चारची सरकती खिडकी कागदावर वीस चौरस फूट असते. ती पूर्ण उघडली तरी एक पल्ला दुसऱ्यामागे जातो आणि वाऱ्याला दहाच फूट मिळतात. जुन्या दोन पल्ल्यांच्या बाहेर उघडणाऱ्या लाकडी खिडकीतून सगळ्याच्या सगळा वारा येई. तिचे पल्ले पावसाळ्यात फुगायचे हे खरं; पण आज बिजागरीवर उघडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खिडक्याही मिळतात, फक्त बिल्डरला त्या सरकत्यांपेक्षा महाग पडतात.

काचेच्या कार्यालयांबद्दल थोडक्यात. पूर्ण काचेची इमारत थंड देशांत जन्मली. तिथे आत आलेलं ऊन हवंहवंसं असतं. आपल्याकडे साधी एकेरी काच अंगावर पडलेल्या उन्हातली 80 टक्क्यांच्या आसपास उष्णता आत सोडते. आतून पडदे ओढले की अंधार होतो, दिवे लागतात, आणि उष्णता तर काचेच्या अलीकडे येऊन बसलेलीच असते. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. म्हणूनच वऱ्हाडात वाळ्याचे पडदे आणि ताट्या दाराखिडक्यांच्या बाहेर लावत. व्यापारी इमारतींसाठीच्या 2017 च्या ऊर्जा संवर्धन संहितेत भिंतीच्या तुलनेत काचेचं प्रमाण साधारणपणे 40 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. हिंजवडी किंवा बीकेसीत फेरफटका मारला की कोण किती पाळतं ते डोळ्यांनीच मोजता येतं.

टन, पंखा आणि अंश

एवढं केल्यावर उरलेल्या उष्णतेसाठी यंत्र. एसीचा ‘टन’ हा वजनाचा नाही असं लोक समजावून सांगतात, पण मुळात तो वजनाचाच आहे: एक अमेरिकन टन, म्हणजे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उपसण्याची क्षमता. साडेतीन किलोवॉट. एसीच्या आधी गारवा बर्फानंच मोजला जाई, आणि मुंबईत तो 1830 च्या दशकापासून चक्क अमेरिकेहून जहाजांतून येत असे. उघड्या स्लॅबचा हिशेब या मापात केला तर गंमत कळते. 56 चौरस मीटरच्या तापलेल्या छतातून उतरणारी उष्णता उचलण्यातच साधारण एक टनाची सगळी मेहनत खर्ची पडू शकते. म्हणजे दीड टनाचा एसी घेतला, त्यातला एक टन गच्चीला, अर्धा आपल्याला.

विलिस कॅरियरनं 1902 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या छापखान्यासाठी पहिलं आधुनिक वातानुकूलन यंत्र आखलं ते माणसांसाठी नव्हे. दमट हवेत कागद फुगायचा आणि एकावर एक छापलेले रंग सरकायचे. त्याला हवेतलं बाष्प काढायचं होतं. मुंबईकरांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून 30 अंशही असह्य होतात. एसी बाष्प काढतो, आणि बाष्प निघालं की 26-27 अंशांवर हळू पंखा लावूनही छान झोप लागते. उलट विदर्भात हवा कोरडी, तिथे वाळ्याचा कूलर पाणी उडवून हवा गार करतो आणि एसीच्या मानानं अगदी थोडी वीज खातो. तोच कूलर दादरला लावला तर खोलीचा हमामखाना होतो. पावसाळा जवळ आला की नागपुरातही कूलरचा दम संपतो, तिथल्या लोकांना हे पाठ असतं.

माणसाला किती अंशांवर बरं वाटतं, याचे जुने मापदंड पाश्चात्त्य कार्यालयांतले होते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठानं भारतीय शहरांतल्या कार्यालयांत अभ्यास करून भारतीयांसाठी वेगळं गणित मांडलं, आणि 2016 च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत ते स्वीकारलं गेलं. त्याचं सार असं, की खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतीत राहणारी माणसं बाहेरच्या ऋतूप्रमाणे जुळवून घेतात आणि बंद काचेतल्या माणसांपेक्षा बऱ्याच जास्त तापमानात समाधानी असतात. बीईईच्या हिशेबानं एसीचं तापमान एक अंश वर ठेवलं की साधारण 6 टक्के वीज वाचते. 2020 पासून स्टार मिळालेले नवे एसी सुरू केल्यावर आपोआप 24 वर येतात ते याच कारणानं. शाल पांघरून बसावं लागणारी कार्यालयं मात्र अजून आहेत.

पंख्याकडे कुणी गंभीरपणे बघत नाही. जुना छताचा पंखा 75 वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा नवा 30 च्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला 65 युनिटं वाचतात. आणि महावितरणचं बिल टप्प्यांत चढतं: पहिली 100 युनिटं स्वस्त, मग 300 पर्यंत महाग, पुढे आणखी. वाचलेली युनिटं नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतात. तेव्हा बचतीचा हिशेब सरासरी दरानं करू नका, शेवटच्या टप्प्याच्या दरानं करा. पंख्यांना स्टार लेबल 2023 पासून सक्तीचं झालं. एलईडी दिव्यांच्या बाबतीत सरकारनं 2015 पासून उजाला योजनेत एकगठ्ठा खरेदी करून जो भाव पाडला, 2014 मध्ये 310 रुपयांना घेतलेला दिवा दोन वर्षांत 40 रुपयांच्या आत, तसं काही पंख्यांच्या बाबतीत झालं तर ग्रिडला मोठा दिलासा मिळेल.

एक शंका रास्त आहे. कमी वीज खाणारा एसी आला की लोक तो जास्त वेळ लावतात, दुसऱ्या खोलीतही बसवतात. विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं 1865 मध्ये कोळशाबद्दल नेमकं हेच लिहून ठेवलं: वाफेची इंजिनं सुधारली तसा कोळसा कमी न लागता जास्तच लागू लागला. भारताच्या 2019 च्या शीतलीकरण कृती आराखड्यानुसार देशाची गारव्याची मागणी 2037-38 पर्यंत आठपट होणार आहे. पाच स्टारांनी ही वाढ थोपणार नाही. पण सावलीला जेव्हन्सचा नियम फारसा लागू पडत नाही. छज्जा मोठा केला म्हणून कुणी जास्त छज्जा वापरत नाही.

क्रम

अमेरिकेतल्या एम्पायर स्टेट बिल्डिंगची 2009 नंतर मोठी ऊर्जा-दुरुस्ती झाली. ती यंत्रांपासून सुरू झाली नाही. आधी 6,514 खिडक्या काढून त्याच इमारतीत उभारलेल्या कार्यशाळेत त्यांना अधिकचा थर बसवला, रेडिएटरमागे परावर्तक पत्रे लावले, दिवे बदलले. त्यामुळे गारव्याची गरज इतकी घटली, की नवी, मोठी शीतयंत्रं घेण्याऐवजी जुनीच सुधारून वापरता आली आणि तो वाचलेला पैसा खिडक्यांकडे वळवता आला. ऊर्जेच्या वापरात 38 टक्के घट हे त्या प्रकल्पाचं लक्ष्य होतं. खिडक्या आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम उलटा असता तर हिशेब जमला नसता.

दिल्लीतलं इंदिरा पर्यावरण भवन, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची 2014 मध्ये सुरू झालेली इमारत, तिच्या छतावरच्या 930 किलोवॉटच्या सौर पॅनेलसाठी ओळखली जाते. फोटोत तीच दिसतात. पण ती पुरतात, कारण खाली मधोमध मोकळा चौक आहे, बहुतेक जागेत दिवसा दिवा लागत नाही, आणि एसीची उष्णता हवेत न सोडता 80 मीटर खोल 180 बोअरमधून जमिनीत सोडली जाते. पॅनेल हा त्या इमारतीचा शेवटचा मजला आहे.

आपल्याकडे मात्र पहिल्यांदा पॅनेलच आठवतं, आणि त्याला कारण पैशाचं आहे. बिल्डर भिंतीवर खर्च करतो, बिल गिऱ्हाईक भरतं. म्हणून बिल्डर स्विमिंग पूल दाखवतो, छताचा निरोधक दाखवत नाही. 2022 मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या निवासी इमारतीही संहितेच्या कक्षेत आणायची वाट मोकळी झाली. पण संहिता दिल्लीत लिहिली जाते, लागू राज्य सरकार करतं आणि नकाशा महापालिकेत मंजूर होतो. त्या नकाशावर जिना, पार्किंग, अग्निशमन, सांडपाणी सगळं तपासलं जातं. भिंत किती उष्णता आत सोडते हे तपासणारा रकाना बहुतेक ठिकाणी अजून नीट बसलेला नाही.

दरम्यान, फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावर 3 किलोवॉट सौर संच बसवला तर 78,000 रुपये अनुदान मिळतं, आणि सोसायटीच्या सामायिक वापरासाठी दर किलोवॉटला 18,000. पॅनेल गच्चीवर थोडी सावलीही करतं, तेवढा स्लॅब कमी तापतो, घ्यायलाच हवं. पण आधी पंखे बदलून, गच्ची पांढरी करून मग युनिटं मोजली, तर अनेक घरांचं काम 3 ऐवजी 2 किलोवॉटमध्ये भागेल. त्या योजनेत पॅनेलला पैसे आहेत. पॅनेलखालच्या गच्चीला नाहीत, त्यासाठी वर्गणीच काढावी लागते.